घाटावरची रेंज

५ जानेवारी, रविवार

आज कळंबला नाक कापलं गेलं. आजच लिहून ठेवते, म्हणजे उद्या "एवढं काही झालं नव्हतं" असं मला स्वतःलाच सांगता येणार नाही.

सकाळी साडेसातचा दहावा. नदीकाठचा घाट, चारेकशे माणूस. वारलेल्या आजींचा नातू ऑस्ट्रेलियात, म्हणून लाईव्ह सांगितलं होतं. प्रवचन नीट गेलं. दोन पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणंही नीट गेली, ती अडकली असती तर कुणी तक्रार केली नसती. मग पिंड मांडले, माणसं मागे सरली, झाडावरनं कावळा खाली उतरला आणि माझ्या मोबाईलवर गोल फिरायला लागला. चार मिनिटं नुसता गोल. चित्र परत आलं तोवर माणसं चपला शोधत होती.

नातवाचा फोन आला. "ताई, आजीला कावळा शिवला का?" मी म्हटलं, शिवला. तो म्हणाला, "सगळे तेच सांगतायत. मला बघायचं होतं." सॉरी म्हटलं आणि वायरी गुंडाळायला लागले.

६ जानेवारी, सोमवार

अब्बा रात्री काही बोलले नव्हते, ते सकाळी चहाबरोबर बोलले. घरात आम्ही आमची जुन्नरची हिंदी बोलतो, पण माझं लिहिणं मराठी शाळेतलं, तेव्हा इथं सगळं मराठीतच येणार.

"अमरीन, फोटो बिघडला तर माणूस परत येऊन उभा राहतो," अब्बा म्हणाले. "दहाव्याला माणूस परत मरत नाही. अजून एकदा असं झालं तर लाईव्ह बंद."

बत्तीस वर्षं झाली 'अमजद फोटो स्टुडिओ'ला. जुन्नर-आंबेगावातला असा घाट नाही जिथं अब्बा कॅमेरा घेऊन उभे राहिले नाहीत. पण लाईव्ह माझं आहे. चार वर्षांपूर्वी सासरहून बॅग घेऊन आले तेव्हा मोहल्ल्यात सगळ्यांना वाटलं, आता ही झेरॉक्स मशीनमागे बसून जन्म काढणार. लाईव्ह मी सुरू केलं, म्हणून कॉर्डलेस माईक आले, म्हणून लोक "अमरीनताईंना बोलवा" म्हणायला लागले. लाईव्ह बंद म्हणजे परत झेरॉक्स.

अम्मी म्हणाली, "नेटवर्कचाच दोष ना? मग कुणाचं चांगलं ते बघा की. भाजीसुद्धा आपण तीन ठिकाणी भाव करून घेतो."

बोलायला सोपं होतं, पण बरोबर होतं. घरात तीन कंपन्यांची तीन सिमं आहेत. एक अब्बांचं, एक माझं, एक अम्मीचं जुनं, जे ती फक्त मावशीला फोन करायला वापरते. कंपन्यांची नावं लिहीत नाही. उगाच वही कुणाच्या हाती पडली तर फुकटची जाहिरात.

११ जानेवारी, शनिवार

कळंबच्या घाटावर परत गेलो. कुणी नव्हतं. एक बाई गोधड्या धूत होती, तिला वाटलं आम्ही पुलाची मोजणी करायला आलोय.

प्रत्येक सिमचा नेटचा स्पीड पाच वेळा मोजला. माझं ४२, अब्बांचं १९, अम्मीचं ६. एवढा फरक बघून मलाच हसू आलं. त्या दिवशी आम्ही अब्बांचं लावलं होतं. आता माझं लावायचं, विषय संपला.

परत येताना अंधार पडला. नारायणगावच्या अलीकडे अब्बांनी गाडी कडेला घेतली आणि किल्ली मला दिली. समोरच्यांचे दिवे डोळ्यांवर येतात म्हणाले. खरं आहे, हल्ली लोक अप्पर लावूनच चालवतात.

१९ जानेवारी, रविवार

अवसरी खुर्द. माझं सिम, बेचाळीसवालं. तरी दोनदा अडकलं. पिंडाच्या वेळेला नाही, प्रवचनात, म्हणून वाचलो.

अडकायचं एक कारण तर डोळ्यांसमोरच बसलं होतं. घरच्यांनी लाईव्हची लिंक गावच्या सगळ्या ग्रुपवर टाकलेली. घाटावर बसलेली माणसं मान खाली घालून मोबाईलवर तोच घाट बघत होती. एकजण शेजारच्याला म्हणाला, "थांब की, आत्ता आपल्याकडं फिरंल." दोघं मिनिटभर स्वतःची वाट बघत बसले. मग दिसले आणि समाधानाने मोबाईल खिशात ठेवला.

वारलेल्यांची नात हर्षाली तिथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकते. माझ्याशेजारी बसली होती, तिने माझी वही ओढून बघितली. "ताई, हे डाउनलोड मोजलंय तुम्ही. नळाला पाणी किती येतं ते. तुम्हाला मोरीतनं बाहेर किती जातं ते पायजे. अपलोड बघा."

मी नुसतं "हो का" म्हटलं. मनातून जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. तीन वर्षं लाईव्ह करते आणि मोरी कुठली, नळ कुठला, हे एका पोरीनं सांगावं.

दुसरी गोष्ट. न अडकतासुद्धा चित्र मऊ येतंय. मागच्या फ्लेक्सवरचं नाव, जन्म, मृत्यू, सगळं वाचता येत होतं, पण पुढे पाणी सोडणाऱ्या मुलाचा चेहरा मेणाचा दिसत होता. कॅमेऱ्याच्या वायरीला एक छोटी पेटी आहे, सिम तिच्यातच, तीच थेट लाईव्ह करते. मला चित्र दिसतं ते मोबाईलवर, सगळीकडून फिरून आलेलं. तेव्हा अपलोड कमी पडत असणार, दुसरं काय.

२२ जानेवारी, बुधवार

अपलोड, रिकामा घाट: माझं १४, अब्बांचं ८, अम्मीचं ५. म्हणजे माझंच पहिलं. मग अडकलं का?

अब्बांनी आज पासपोर्टचे तीन फोटो मला काढायला लावले. कंटाळा येतो म्हणाले. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

२६ जानेवारी, रविवार

आज आमचं काम नव्हतं. सोपानभाऊंनी बोलावलं म्हणून मंचरजवळच्या एका दहाव्याला तीन मोबाईल घेऊन एकटीच गेले. सोपानभाऊ साऊंडवाले. प्रत्येक घाटावर त्यांचे भोंगे आणि आमचा कॅमेरा शेजारीशेजारी असतो. मागच्या आठवड्यात माझं रडगाणं ऐकून ते म्हणाले होते, "तुमी रिकाम्या घाटावर मोजता का? आमी रिकाम्या मंडपात आवाज लावून ठेवला ना, माणसं बसली की निम्मा व्हतो. माणसं आवाज खात्यात, ताई. तुमचं नेटबी खात असतील."

तर आज गर्दीत मोजलं. साडेसहाशे माणूस तरी असेल.

माझं ०.४. अब्बांचं ०.९. अम्मीचं ४.६.

तीनदा मोजलं, तरी तेच. माझी कंपनी सगळ्यात चांगली म्हणून सगळ्यांकडे तीच, आणि सगळे एकाच टॉवरला लोंबकळलेले. अम्मीचं कुणाकडेच नाही, त्यामुळे त्या टॉवरला अम्मी सोडली तर गिऱ्हाईकच नाही. सोपानभाऊंना वहीतले आकडे दाखवले. त्यांनी न बघताच विचारलं, "खाल्लं ना?"

घरी सांगितलं तर अम्मी दोन तास ऐटीत होती. मावशीला फोन करून सांगितलं की आमच्या कंपनीचं स्टुडिओत सिलेक्शन झालंय.

२ फेब्रुवारी, रविवार

अम्मीच्या सिमवर पहिलं लाईव्ह. दोन तासांत एकदाही गोल फिरला नाही. अब्बांनी माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणजे मारायची होती माझ्या, बसली सोपानभाऊंच्या. ते वळले तेव्हा अब्बा म्हणाले, "तुम्हालापण शाबासकी, तुमचीच आयडिया." सगळे हसलो.

पण चित्र अजून मऊच आहे, विशेषतः जवळचं. पेटीची सेटिंग दोनदा बदलून बघितली. अब्बांना म्हटलं, एकदा ऑटो फोकसवर टाकून बघू. ते चिडले. ऑटो मधल्या माणसाच्या टोपीला धरतं आणि पिंड सोडतं, त्यांचं म्हणणं. "माझा हात आहे फोकसच्या रिंगवर बत्तीस वर्षं." त्यात खोटं काही नाही. तेव्हा ४.६ सुद्धा कमी पडत असेल असं धरून चालते. खिडकीत लावायचा अँटेना मिळतो म्हणे, विचारून बघायला हवं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

येडगावचे सावळाराम तात्या काल गेले. मुलगा भरत दुकानात आला होता. दहावा शनिवारी पंधरा तारखेला, धरणाजवळच्या घाटावर. लाईव्ह पाहिजेच, बहीण आयर्लंडला आहे, आठवा महिना, विमानात घेत नाहीत.

दुपारी बहिणीचाच फोन. स्नेहल नाव. आवाज बसलेला, पण प्रश्न एकदम नेमके. किती कंपन्यांचं सिम, कुठलं लावणार, अडकलं तर दुसरं तयार असतं का? असं गिऱ्हाईक मला आवडतं. मी वहीतले आकडे वाचून दाखवले. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "ताई, बाकी काही नाही दिसलं तरी चालेल. कावळा दिसला पाहिजे. भरत मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगेल."

१० फेब्रुवारी, सोमवार

येडगावचा घाट मोजला. रिकामाच होता, पण आता मला रिकाम्याचं काय करायचं ते कळतं. अम्मीचं सिम ५.८, आणि त्या गावात ते कुणाकडे नाही हे भरतकडून खात्री करून घेतलं. लिंक फक्त स्नेहलला जाईल, ग्रुपवर नाही, हेही बजावलं. तो म्हणाला, "पण पावणं इचारत्यात." मी म्हटलं, पाहुण्यांना म्हणावं, डोळ्यांनी बघा.

मग स्नेहलचं एक वेगळंच काम. तिने मेसेज करून विचारलं होतं, घाटावर जाताच आहात तर आमच्या घराजवळ तात्यांच्या कंपनीची रेंज कशी आहे तेही मोजाल का? तात्यांचा मोबाईल घेऊन मोजली. अंगणात चार काड्या. ओट्यावर तीन. मागच्या गोठ्यात काहीच नाही, वर पत्रा आणि मागे टेकाड.

घाटावर परत येऊन तिला आकडे पाठवले तर लगेच फोन आला. मग तिने सगळं सांगितलं. तिने लग्न तिकडेच केलं, तात्यांना न विचारता. दोन वर्षं ते बोलले नाहीत. मागच्या महिन्यात तिने जेवणाच्या सुट्टीत फोन लावला. तात्यांनी उचलला, "हां, बोल" म्हणाले, आणि फोन कट. परत लावला तर लागेना. त्यांनी ठेवला की रेंज गेली, हे तिला कळलेलं नाही, आणि आता विचारायला तात्या नाहीत.

मी म्हटलं, तुमच्या जेवणाच्या सुट्टीत इथं किती वाजलेले असतात? हिशोब केला, संध्याकाळचे सहा. परत त्यांच्या घरी गेले. तिची आई धोंडाबाई भिंतीला टेकून बसली होती. सहाला तात्या कुठे असायचे, विचारलं.

"सहाला? धारा काढायच्या टायमाला मानूस कुटं असतंय बाई? गोठ्यात."

अंगणात फोन आला, उचलला आणि बोलत बोलत गोठ्यात शिरले, असं झालं असणार. स्नेहलला तसंच लिहून पाठवलं, काड्यांसकट. बऱ्याच वेळाने उत्तर आलं: "थँक्यू ताई. तसंच असेल. तरी पण मला तो कावळा बघायचाय."

येडगावहून निघालो. इतके दिवस मी माझं लाईव्ह वाचवायला आकडे लिहीत होते. आता चुकलं तर त्या पोरीला जन्मभर कळणार नाही.

अब्बा दिवसभर गाडीतच बसून होते. घाटाच्या पायऱ्या उतरायचा कंटाळा आला म्हणाले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पहाटे पाचला निघालो. मी चालवली. साडेसातला सगळं जोडून तयार. पाचशेच्या वर माणूस आला. माझं सिम ०.३, ते अपेक्षितच होतं. अम्मीचं ५.२. तिकडे रात्रीचे दोन वाजलेले. स्नेहलचा मेसेज आला: "दिसतंय."

प्रवचन झालं. भाषणं झाली. सव्वानऊला घाटाच्या खालच्या टप्प्यावर पिंड मांडले आणि माणसं दोरीच्या मागे आली. अब्बा कॅमेरा घेऊन दोरीपाशी, पिंडांपासून पंधरा-वीस फुटांवर. मी वर सोपानभाऊंच्या टेबलाशी, हातात दोन मोबाईल, एकावर पेटीचा आकडा, एकावर चित्र. ५.१, ५.२, ५.२. गोल नाही, अडकणं नाही.

कावळे समोरच्या करंजावर बसलेले, एकही उतरेना. भरत हात जोडून पुढे झाला. "तात्या, आईला मी सांभाळीन. रान इकणार न्हाई." कावळे बसूनच. दहा मिनिटं झाली. मागे कुजबुज सुरू झाली की काहीतरी राहिलंय म्हाताऱ्याचं. मग धोंडाबाई उठली. कुणी हाताला धरायच्या आत दोरीपर्यंत गेली आणि रोज बोलायची तशा आवाजात म्हणाली, "पोरीवर राग धरू नगा आता. लांबनं बघतीया ती."

तेवढ्यात स्नेहलचा मेसेज. "ताई, पिंड कुठे आहेत? मला दिसत नाहीयेत."

मी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. मागच्या करंजाची पानं मोजता आली असती, इतकी साफ. फांदीवरचे कावळे साफ. त्याच्यामागे धरणाच्या पाण्यात एक बगळा उभा होता, त्याची चोचसुद्धा दिसत होती. आणि पुढे, पिंडांच्या जागी, नुसता पांढरा धुरकट डाग.

आकडा ५.२ होता. नेट खराब असलं तर सगळं चित्र खराब होतं. मागचं चांगलं आणि पुढचं वाईट असं ते करत नाही. एवढी साधी गोष्ट. दीड महिना मी घाटाघाटांवर सिमं बदलत फिरले, हर्षालीला, सोपानभाऊंना, अँटेनावाल्याला विचारलं. ज्यांचा हात रिंगवर होता त्यांना एकदा विचारलं, आणि ते चिडले म्हणून सोडून दिलं.

मोबाईल सोपानभाऊंच्या टेबलावर टाकले आणि पायऱ्या उतरले. त्या घाईत एक मोबाईल परत उचलून घेतला, कुठला ते बघितलं नाही. अब्बा डोळा कॅमेऱ्याला लावून उभे होते, डावा हात रिंगवर. कॅमेऱ्याच्या बाजूला एक छोटा पडदा आहे, बॅटरी खातो म्हणून अब्बा तो कायम मिटलेला ठेवतात. मी तो उघडला. तो उघडला की डोळ्याजवळचं चित्र बंद होतं. अब्बांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि रिंग फिरवली. त्यांचा हात माझ्या हाताखाली होता, सैल. पिंड आले. भाताचं शीत न् शीत दिसायला लागलं, वरचे काळे तीळ दिसायला लागले. मला रडू फुटत होतं, पण डोळे भरले तर पडदा दिसणार नाही म्हणून दाबून धरलं.

एक कावळा खालच्या फांदीवर आला. तिथून पायरीवर. दोन उड्या मारल्या, थांबला, आजूबाजूला बघितलं. मग पिंडावर चोच मारली आणि भात घेऊन उडाला. मागे माणसांचा श्वास सुटला, बायका रडायला लागल्या, भरत तिथंच खाली बसला.

अब्बा सरळ समोर बघत उभे होते, पिंडांकडेच. मग जरा माझ्या बाजूला झुकले आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी विचारलं, "शिवला का?"

"शिवला, अब्बा."

"पोरीला दिसलं?"

हातातला मोबाईल थरथरला. स्नेहलचं एवढंच होतं: "दिसला."

"दिसला म्हणते," मी म्हटलं.

अब्बांनी मान हलवली. रिंगवरचा हात काढून घेतला, आणि मला नीट उभं राहता यावं म्हणून एक पाऊल बाजूला झाले.